बोरू, शाई, कागद आणि मोडी: घरातील जुन्या कागदांच्या निमित्ताने

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या माळ्यावर मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडून लिहिण्याच्या लिपीतील, कागदांचे एक गाठोडे सापडले आहे. त्यात काही पत्रे, काही पावत्या आणि एक लांबलचक गुंडाळी आहे. बोरू (गवताच्या काडीची लेखणी) आणि दौत यांसारख्या साध्या वस्तूंना तंत्रज्ञान म्हणणे योग्य ठरेल का, मोडी अशी जोडून आणि भरभर लिहिण्यामागे ही साधने कारणीभूत होती का, आणि हे कागद आता कसे हाताळावेत, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मोडी वाचन आणि जुन्या कागदांची जपणूक हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे तिन्ही भागांचे उत्तर एकत्रच देतो, कारण माझ्या मते ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

पहिल्या भागाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, मात्र तंत्रज्ञान हे एकट्या बोरूत नसते. बोरूचे टोक, शाईचा दाटपणा, कागदाची खळ, अक्षराचे वळण, लिहिणाऱ्या कारकुनाची तालीम आणि ते वाचणाऱ्या दुसऱ्या कारकुनाची तालीम या सर्व गोष्टी परस्परांशी जुळवून घेत घडलेल्या असतात. त्यांपैकी एक बदलली की बाकीच्यांनाही बदलावे लागते, आणि कोण कोणाला काय कळवू शकतो हेही त्याबरोबर बदलते.

मोडीविषयी एक समज सर्वत्र आढळतो, तो असा की ही लिपी हेमाद्री पंडिताने तयार केली, किंवा त्याने ती लंकेहून आणली. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी मोठा अधिकारी होता आणि राज्याचा लेखनव्यवहार त्याच्या हाताखाली होता, त्यामुळे त्याचे नाव लिपीशी जोडले जाणे स्वाभाविक आहे. परंतु मोडीतील बहुतेक अक्षरांत नागरी अक्षराचा सांगाडा ओळखू येतो आणि तो सांगाडा भरभर लिहिणाऱ्या हाताने झिजवत नेलेला दिसतो. अशी झीज एका माणसाच्या आज्ञेने होत नाही, ती अनेक पिढ्यांच्या कारकुनांच्या हातून होते.

मोडीचे पान नीट पाहा. लेखकाने आधी डावीकडून उजवीकडे एक लांब शिरोरेघ ओढली आहे आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगली आहेत. हाती केलेल्या कागदावर छापील रेघा नसत, त्यामुळे ही शिरोरेघच ओळ सरळ ठेवण्याचे काम करी. अक्षर संपताना हात जिथे असेल तिथूनच काना वर शिरोरेघेकडे नेला जातो आणि पुढचे अक्षर तिथूनच सुरू होते. वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद ठेवलेला नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि विरामचिन्हे नाहीत. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, एका अक्षरासाठी दोन-तीनदा हात उचलावा लागतो, तर मोडीत तो बहुधा शब्द किंवा शब्दांचा गट संपेपर्यंत उचलला जात नाही.

यात बोरूचा वाटा किती, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. बोरू म्हणजे वेतासारख्या गवताची पोकळ काडी. ती तिरपी छाटून टोकाला मधोमध चीर देतात. ही चीर शाई टोकापर्यंत आणते, पण बोरूमध्ये शाई साठून राहील अशी पेटी नसते, त्यामुळे एका बुडीत थोडेच शब्द लिहून होतात आणि हात पुन्हा दौतीकडे जातो. म्हणजे ‘हात न उचलता लिहिण्याची लिपी’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. हात उचलावाच लागतो, आणि मोडीची खरी युक्ती अशी की दोन बुडींच्या दरम्यान जास्तीत जास्त मजकूर कागदावर उतरावा. मोडीसाठी बारीक टोकाचा बोरू वापरत, म्हणून तिच्यात जाड-बारीक रेघांचा फरक कमी दिसतो. पोथीच्या बाळबोध अक्षरासाठी टोक रुंद आणि तिरके ठेवत, रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट दिशेने. आजच्या छापील देवनागरीत कोणती रेघ जाड आणि कोणती बारीक असावी, हे त्या रुंद टोकाने ठरवून ठेवलेले आहे.

सतराव्या शतकात लेखनसाधनांचा विचार किती काळजीपूर्वक होत असे, याचा उत्तम पुरावा दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात आहे. तो समास संपूर्णपणे लेखनक्रियेला वाहिलेला आहे. निरनिराळ्या ठिकाणचे बोरू आणावेत, शाईचा साठा करून ठेवावा, हिंगूळ (लाल रंगद्रव्य) संग्रही असावा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, असा उपदेश तिथे आहे. मला त्यातील सर्वांत मोलाची वाटणारी सूचना वेगळी आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. लेखनाचा विचार करताना वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करणारी ही दृष्टी, साधनांवरच्या आजच्या चर्चेत क्वचितच आढळते.

शाईविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या गाठोड्याचे आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडची जुनी शाई मुख्यतः काजळीची. तेलाच्या दिव्याची काजळी धरून ती बाभळीच्या डिंकाबरोबर खलात दीर्घकाळ घोटत. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन असल्यामुळे ती उन्हाने उडत नाही आणि कागदालाही इजा करत नाही, म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीचे अक्षर आजही काळेभोर दिसते. तिचा एकच मोठा दोष आहे: डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल लागली की अक्षर पसरते. ग्रंथांसाठी लाख आणि टाकणखार यांच्या पाण्यात काजळी घोटून पक्की शाई करत, ती ओलीला दाद देत नाही. दुसरा प्रकार हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्यापासून केलेल्या शाईचा. ती लिहिताना फिकट असते, हवा लागून गडद होते आणि कागदात मुरते, त्यामुळे पुसता येत नाही. परंतु तिच्यातील आम्ल आणि लोह कालांतराने कागद खातात. अक्षर तपकिरी झालेले असेल आणि अक्षराच्या जागी कागदाला बारीक भोके पडली असतील, तर ती कसर नव्हे, ती शाई आहे.

काजळी पाण्यात तळाशी बसते, म्हणून दौतीत कापडाचा बोळा ठेवत. बोरू त्या बोळ्यावर टेकवला की हवी तेवढीच शाई उचलली जाई आणि दौत कलंडली तरी सांडत नसे. लिहून झाल्यावर ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकत. तुमची पत्रे उघडताना घड्यांतून चमकणारे कण पडले तर घाबरू नका, ती बहुधा ही वाळू असते.

कागद हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. जुन्नरचा कागद आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद मराठी दप्तरांत वापरला जाई. पुण्याच्या कसब्यातही कागदी लोकांची वस्ती होती. चिंध्या, ताग, जुने दोर यांचा लगदा करून, तो काड्यांच्या चटईच्या साच्यावर उचलून कागद काढत, त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. खळ नसेल तर शाई पसरते, घोटाई नसेल तर बोरूचे टोक तंतूंत अडकते, म्हणजे मोडीचा वेग या घोटीव पृष्ठभागाशिवाय शक्यच नव्हता. याची किंमतही होती, कारण खळ हे किड्यांचे आवडते अन्न आहे. म्हणून दप्तरांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवत, आणि कागद खारव्याच्या, म्हणजे जाड लाल कापडाच्या, रुमालात घट्ट बांधत.

आता वाचणाऱ्याकडे वळू. मोडी पत्र सहसा अनोळखी माणसासाठी लिहिलेले नसे. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच फडात, म्हणजे कारकुनांच्या कचेरीत, किंवा त्याच पद्धतीच्या दुसऱ्या फडात तयार झालेले असत. म्हणूनच मौजे, कसबे, परगणे, राजश्री हे शब्द एका-दोन अक्षरांवर दोन दंड मारून आटोपता येत आणि मायना व शेवटची विनंती ठराविक साच्यात असल्यामुळे डोळा थेट मधल्या मजकुरावर जाई. शब्द तोडून न लिहिता, ऱ्हस्व-दीर्घ न पाळताही चुकीचा अर्थ फारसा निघत नसे, कारण अर्थ लावण्याचे निम्मे काम वाचणाऱ्याच्या तालमीने आधीच केलेले असे. लिहिणाऱ्याचा वेळ वाचवून वाचणाऱ्यावर भार टाकणारी ही व्यवस्था होती, आणि दोघेही एकाच शिस्तीतले होते तोवर ती उत्तम चालली.

विश्वासार्हतेची सोयही याच साधनांत होती. मजकूर संपल्यावर त्याखाली कोणी भर घालू नये म्हणून शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा त्यासाठीच आहे. कागद चिकटवून केलेल्या लांब गुंडाळ्यांत जोडावर शिक्का मारलेला आढळतो, म्हणजे मधला ताव बदलला तर शिक्का जुळणार नाही. तुमच्या गुंडाळीच्या पाठीमागे जोडांच्या जागा अवश्य तपासा. गेलेल्या पत्रांची आणि दिलेल्या हुकुमांची नोंद रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, होत असे. एकाच हाताने एकाच वेळी दोन प्रती निघण्याची सोय बोरूत नव्हती, म्हणून नक्कल करणारा माणूस हा या तंत्राचा अपरिहार्य भाग होता.

१८२० च्या दशकापासून बर्मिंगहॅममध्ये यंत्रावर पोलादी निबा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या आणि पुढे लाकडी दांडीत बसवलेला टाक आपल्या कचेऱ्यांत व शाळांत आला. बोरू रोज छाटावा लागे, निब छाटावी लागत नाही, त्यामुळे चाकू आणि छाटणीचे कौशल्य कालबाह्य झाले. पोलादाच्या टोकाला पातळ शाई लागते, काजळीची शाई त्याच्या चिरेत बसते, म्हणून शाईही बदलली. पुढे घरोघरी पुडी किंवा वडी पाण्यात विरघळवून शाई करण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेला, नंतर कॅम्लिन म्हणून प्रसिद्ध झालेला उद्योग शाईच्या पुड्या आणि वड्यांपासूनच उभा राहिला.

साधनांच्या या बदलाचा मला रोजच्या कामात फार उपयोग होतो. बोरूच्या लेखनात बुडीबरोबर अक्षर गडद होते आणि हळूहळू फिकट होत जाते. ही लाट डोळ्यांना सवयीची झाली की लेखक कुठे थांबला, कुठे नंतर शब्द घुसडला गेला, हे कळते. पोलादी निबेची दोन पाती दाब पडला की फाकतात आणि कागदावर रेघेच्या दोन्ही कडांना बारीक चरे उमटवतात. कागद तिरप्या प्रकाशात धरून भिंगातून पाहिल्यास ते दिसतात, बोरूच्या रेघेत दिसत नाहीत. कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली प्रथम तयार झाला, तेव्हा तशा रंगाच्या शाईत लिहिलेला कागद पेशवाईतील असल्याचे कोणी सांगितले तर तो दावा तिथेच संपतो. उजेडापुढे धरल्यावर काड्यांच्या चटईच्या खुणा दिसल्या तर कागद देशी असण्याची शक्यता मोठी असते. इंग्रजी कागदात पाणचिन्ह असते आणि कधी कधी त्यातच वर्षही असते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले आणि त्यांनी इतिहासलेखनाची मोठी सोय झाली, पण छापील बाळबोध मजकुरात हा सगळा पुरावा उरत नाही. म्हणून मूळ कागद पाहण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

मोडी मागे का पडली, याचे उत्तर अनेकजण ‘ती छापता येत नव्हती’ असे देतात. ते बरोबर नाही. मिशनरी विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडी खिळ्यांनीच छापला गेला. माझ्या समजुतीप्रमाणे खरे कारण वाचक बदलला हे आहे. छापील पुस्तकाचा वाचक लेखकाला ठाऊक नसतो, तो एकाच फडात शिकलेला नसतो, त्याला शब्द तोडून आणि ऱ्हस्व-दीर्घासह द्यावे लागतात. शिवाय छापताना एका ओळीला लागलेला वेळ हजार प्रतींत वाटला जातो, त्यामुळे लिहिण्याचा वेग हा मोडीचा मुख्य लाभच निरर्थक होतो. मोडी त्यानंतरही हातच्या व्यवहारात दीर्घकाळ टिकली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जात होती, यावरून हेच दिसते की हातासाठी ती अखेरपर्यंत सोयीची होती.

सामान्य माणसाच्या पत्रव्यवहारात मला सर्वांत मोठा बदल वाटतो तो टपाल कार्डाचा. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे कार्ड सुरू झाले आणि पुढच्या वर्षी मनीऑर्डर आली. मुंबईत गिरणीत काम करणारा कोकणातील माणूस गावी पैसे पाठवी तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मवरील लहानशा जागेत दोन वाक्ये मावत, आणि तेवढ्यात खुशाली, पावसाची चौकशी आणि पुढच्या खेपेचा अंदाज बसवावा लागे. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीबाहेर पत्रलेखक बसत. हे लेखक म्हणजे लेखनसाधनाचाच एक भाग होते, असे म्हणण्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही. मजकूर माणसाचा, वाक्य त्यांचे आणि कार्डावरील जागा सरकारने ठरवलेली.

फाउंटन पेनने शाई दांडीत आणली आणि दौत सुटली, यापेक्षा त्याविषयी येथे अधिक सांगण्याची गरज नाही. बॉलपेनचा परिणाम मात्र खोल आहे. लास्लो बिरो यांनी १९३८ साली पेटंट घेतलेल्या या साधनात दाट, तेलकट शाई एका फिरत्या गोळीने कागदावर येते. त्यासाठी हात दाबावा लागतो, म्हणून अक्षर एकसारख्या जाडीचे होते. आणि दाब असल्यामुळेच खाली कार्बन पेपर ठेवून प्रती काढता येतात. बोरूने जे काम नक्कल करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे सोपवले होते ते आता वाण्याच्या पावतीपुस्तकात आपोआप होऊ लागले, आणि व्यवहाराची सही केलेली प्रत देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही हाती राहू लागली. अक्षर बिघडते म्हणून शाळांनी बॉलपेनला केलेला विरोध मला समजतो, तरी लहान माणसाच्या हाती पुरावा देणारे साधन म्हणून मी त्याचा आदर करतो.

कळफलकाचे एकच उदाहरण देतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून टंकलेखन यंत्रावर ती आधी दाबत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवली जाते आणि पडद्यावर आधी दाखवली जाते. हाताने ठरवलेला क्रम इथे दिसण्यापासून वेगळा झाला. मोडीलाही युनिकोडमध्ये २०१४ साली स्वतंत्र जागा मिळाली आहे, त्यामुळे तुमच्या कागदांचे लिप्यंतर आता मोडीतच टंकित करून ठेवणे शक्य आहे.

राहता राहिले तुमचे गाठोडे. कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका, कारण क्रम हाही मजकूर आहे. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात वाळवू नका. मऊ ब्रशने धूळ काढा. लॅमिनेशन कधीही करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, कारण तिचा डिंक कागदात उतरतो आणि नंतर काढताना अक्षरासकट निघतो. कडक झालेली घडी एका दिवसात उघडण्याचा आग्रह धरू नका. अनेकदा धुऊन खळ घालवलेल्या सुती कापडात कागद बांधा आणि पावसाळ्यात भिंतीपासून दूर ठेवा. गाठोड्यात १८८० नंतरचे गिरणीचे कागद असतील तर ते आधी हाताळा आणि वेगळे ठेवा. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून तुटतो आणि त्याच्याहून दोनशे वर्षे जुना जुन्नरी कागद अजून वळवता येतो, हे मी वारंवार पाहतो. क्रमांक घालायचे असतील तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात घाला, कारण शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट हा कार्बनच असल्यामुळे तो पसरतही नाही आणि उडतही नाही.

वाचायला शिकायचे असेल तर महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. सुरुवात पत्रांनी न करता पावत्यांनी करा, कारण त्यांत आकडे, गावांची नावे आणि ठराविक शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि घराण्याची नावे तुम्हाला आधीच ठाऊक असतात. सर्व कागदांची छायाचित्रे हात लावण्यापूर्वी काढा, आणि ती दोन्ही बाजूंची काढा. पत्र कोणत्या तारखेला पोहोचले ती पैवस्तीची नोंद, जोडावरचे शिक्के आणि पत्र मिळाल्यावर घेतलेले टिपण यांपैकी काहीतरी पाठीमागे असण्याचा संभव मोठा असतो. लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा मिळाल्या, तर ते पत्र वाटेत किती दिवस होते हेही तुम्हाला काढता येईल.